घरातली कचेरी

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी आमची भाची पुण्याहून आली ती तोंड उतरवूनच. फराळाचे ताट पुढे ठेवले, तर तिने चकलीचा एक तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवून दिला. थोरल्या बहिणीची ही मुलगी. एका मोठ्या कंपनीत संगणकावर काम करते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हापासून ती घरूनच काम करीत होती. सासूबाईंना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, पदरी लहान मुलगी. सकाळी सासूबाईंचे औषधपाणी, दुपारी मुलीला शाळेतून आणणे, आणि या सगळ्याच्या अधूनमधून, वेळ पडली तर रात्री दहापर्यंत, कंपनीचे काम असा तिने मोठ्या कष्टाने मेळ बसविला होता. आणि आता कंपनीचा हुकूम आला होता : आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत हजर व्हावे.

"मामा, काम कमी पडलं असं कुणीच म्हटलं नाही," ती म्हणाली. "साहेब एवढंच म्हणतात, की तू दिसत नाहीस."

मी शाळामास्तर. माझा सारा जन्म हजेरीपटाशी बांधलेला. खरे सांगायचे तर पहिल्या क्षणी मला तिच्या साहेबांचेच म्हणणे पटले. डोळ्यांआड झालेला पोरगा काय करीत असेल याचा भरवसा मास्तराला कधी वाटत नाही. मग हजारो माणसे पदरी असलेल्या कंपनीला तो कसा वाटावा? पण भाचीचा तो उतरलेला चेहरा मनातून जाईना. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, आणि व्यवस्थापनशास्त्राचा तर मला गंधही नाही. मात्र कादंबऱ्या लिहिण्याच्या नादाने एक खोड जडली आहे. कोणताही पेच समोर आला, की तो आपल्याआधी कुणाला पडला होता काय आणि त्याने तो कसा सोडविला, हे शोधीत बसायचे. तसा हा शोध मी पुढे हिवाळाभर केला. त्यात जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवतो.

माझी समजूत अशी होती, की घरून कचेरीचे काम करणे हे त्या साथीच्या रोगाने आणलेले फॅड आहे. ती समजूत पहिल्याच आठवड्यात कोलमडली. कारण माग काढीत गेलो तो थेट १९६२ सालच्या इंग्लंडात, एका लहानशा घरातल्या जेवणाच्या टेबलापाशी जाऊन थांबलो.

त्या टेबलापाशी बसलेल्या बाईचे नाव स्टेफनी शर्ली. जन्म १९३३ सालचा, जर्मनीतल्या डॉर्टमुंड गावचा. मूळ नाव व्हेरा बुखथाल. वडील न्यायाधीश, पण ज्यू. हिटलरच्या राज्यात त्यांचे न्यायाधीशपद गेले आणि पुढे जिवावरच बेतले. ज्यू मुलांना वाचविण्यासाठी त्या वेळी युरोपातून इंग्लंडला आगगाड्या भरभरून मुले पाठविली जात. अशाच एका गाडीत १९३९ साली पाच वर्षांची व्हेरा आपल्या नऊ वर्षांच्या बहिणीचा हात धरून बसली. इंग्लंडात एका परक्या जोडप्याने तिला पोटच्या मुलीसारखे वाढविले. पुढे ती डाकखात्याच्या संशोधन केंद्रात नोकरीला लागली. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी वर्ग, असे सहा वर्षे करून तिने गणिताची पदवी मिळविली. १९५९ साली डेरेक शर्ली या पदार्थवैज्ञानिकाशी तिचा विवाह झाला.

हुशारी होती, मेहनत होती. पण त्या काळी इंग्लंडातही बाईमाणसाने एका पायरीच्या वर चढावे असे कुणाला वाटत नसे. बायका लग्न झाले, मूल झाले, की नोकरी सोडून घरी बसत. त्यांची पदवी, त्यांचे गणित, सगळे स्वयंपाकघराच्या फळीवर जाई. शर्लीबाईंनी हे पाहिले आणि त्यांच्या मनात आले, की ही बुद्धी घराबाहेर येऊ शकत नसेल तर काम तिच्या घरी का जाऊ नये? नोकरी सोडून १९६२ साली त्यांनी 'फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स' नावाची कंपनी काढली. भांडवल किती? तर सहा पौंड!

येथे वाचकांच्या मनात शंका येईल, की तेव्हा ना घरोघरी संगणक होते ना तारांचे जाळे. मग घरी बसून संगणकाचे काम व्हायचे कसे? मलाही हेच कोडे पडले होते. त्याचे उत्तर मोठे मौजेचे आहे. संगणक त्या काळी खोलीएवढे असत आणि ते बड्या संस्थांकडेच असत. पण त्यांना द्यावयाच्या आज्ञा, म्हणजे ज्याला प्रोग्रॅम म्हणतात तो, कागदावर पेन्सिलीनेच लिहावा लागे. आधी कामाच्या ओघाचा नकाशा काढायचा, मग यंत्राच्या भाषेत एकेक ओळ लिहायची. ते कागद टपालाने केंद्राकडे जात. तेथे त्यांच्याबरहुकूम पट्टीवर अगर कार्डावर भोके पाडीत, आणि चूक राहू नये म्हणून तेच काम पुन्हा एकदा करून पडताळा घेत. एवढे सगळे झाल्यावर मग यंत्राची गाठ! तेव्हा बुद्धीच्या कामाला टेबल, कागद, पेन्सिल आणि शांत डोके एवढेच लागे. आणि दुसऱ्याशी बोलायला टेलिफोन.

अडचण निराळीच होती. शर्लीबाई मोठमोठ्या कंपन्यांना पत्रे धाडीत, पण उत्तर म्हणून येईना. यजमानांनी एक युक्ती सुचविली. पत्राखाली 'स्टेफनी' अशी सही न करता 'स्टीव्ह' अशी पुरुषी सही करून पाहावी. केली, आणि भेटीची निमंत्रणे येऊ लागली. आत येणारे 'स्टीव्ह' हे बाईमाणूस आहे हे त्या साहेबांना कळेपर्यंत शर्लीबाई बोलायला लागलेल्या असत. १९६३ साली त्यांना मुलगा झाला. घरात तान्हे मूल रडते आहे आणि त्याच वेळी गिऱ्हाइकाचा फोन आला, तर? त्यांनी टाइपरायटरच्या खडखडाटाची फीत तयार करून ठेवली होती. फोन आला की ती सुरू करायची, म्हणजे पलीकडच्याला वाटावे, भली मोठी कचेरी गजबजलेली आहे! हे वाचून मी हसलो खरा, पण लगेच भाचीचे शब्द आठवले. साठ वर्षांमागे कचेरी ऐकू यावी लागे. आज माणूस दिसावे लागते. फरक तो केवढा?

परंतु युक्त्यांनी कंपनी उभी राहात नाही. तिच्या पहिल्या तीनशे माणसांत २९७ बायका होत्या आणि पुरुष अवघे तीन. मालगाड्यांची वेळापत्रके, मालाच्या साठ्याचे हिशेब, अशी कामे त्या आपापल्या घरी बसून करीत. आवाजापेक्षाही वेगाने उडणाऱ्या कॉन्कॉर्ड विमानाचे नाव पुष्कळांना माहीत असेल. त्याच्या उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या 'ब्लॅक बॉक्स'च्या प्रोग्रॅमचे काम या कंपनीच्या सुमारे तीस बायकांनी घरी बसून केले. कुणाच्या चुलीवर सूप शिजत असेल, कुणाचे मूल नुकते झोपले असेल. पण काम होते विमानाचे. तेथे 'चालवून घ्या' म्हणून भागत नाही.

हे साधले कसे? माझ्या शोधातला सर्वांत मोलाचा भाग मला येथे सापडला. शर्लीबाईंनी गिऱ्हाइकांना तासांचा हिशेब दिलाच नाही. अमुक काम, अमुक किंमत, असा ठोक सौदा त्या आधीच ठरवीत. बायका अर्धवेळ काम करतात, घरी बसून करतात, हे झाकून जावे हा त्यात एक हेतू होता. पण मला वाटते, त्या सौद्याने कंपनीलाच शिस्त लावली. किंमत आधी बांधून दिली म्हणजे कामाचा अंदाज नेमका हवा. अंदाज नेमका हवा तर कामाचे तुकडे स्पष्ट पाडायला हवेत. हा तुकडा कुणाचा, तो पुरा झाला असे केव्हा म्हणायचे, तो तपासायचा कुणी, हे आधीच ठरवायला हवे. एवढे ठरल्यावर बाई सकाळी बसली की मध्यरात्री, याची चौकशी करण्याचे कारणच उरत नाही. कामाच्या तपासणीचे कंपनीचे नियम पुढे नाटो या लष्करी संघटनेनेही स्वीकारले. ज्या बायकांवर देखरेख नाही म्हणून लोक नाके मुरडीत, त्यांच्या कामाची शिस्त लष्कराने उचलावी!

दिवस नेहमी सुखाचे नव्हते. मुलगा दोन-अडीच वर्षांचा झाला आणि येत होते ते शब्दही विसरला. तो स्वमग्न होता. १९७० नंतरच्या मंदीत कंपनी बुडता बुडता वाचली. १९७५ साली स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी करणारा कायदा झाला, आणि बायकांनाच काम देण्याचे तिचे धोरण बेकायदा ठरले. मग पुरुषांनाही दारे उघडावी लागली. तरी कंपनी वाढत गेली. 'एफ इंटरनॅशनल' हे नाव तिने घेतले. शर्लीबाईंनी आपल्या मालकीचा चौथा हिस्सा काम करणाऱ्यांच्या हाती दिला, आणि तोही त्यांच्याकडून पै न घेता. १९९६ साली कंपनीचे भाग लंडनच्या शेअरबाजारात आले. या वाटणीमुळे त्यांच्या माणसांतले सत्तर जण दशलक्ष पौंडांचे धनी झाले. बाईंनी स्वतःची बहुतेक संपत्ती दान केली. स्वमग्न मुलांसाठी शाळा काढली. त्यांचा मुलगा १९९८ साली, पस्तिसाव्या वर्षी वारला. त्या स्वतः ऑगस्ट २०२५ मध्ये एक्क्याण्णवाव्या वर्षी निवर्तल्या.

ही हकीकत वाचताना मला सारखी गिरगावची आठवण येत होती. शर्लीबाईंच्या आधी तीन वर्षे, १५ मार्च १९५९ रोजी, गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्या एक. ऐंशी रुपये उसने घेतलेले. पहिल्या दिवसाची कमाई चार पाकिटे पापड. तेच आजचे लिज्जत. पुढे बायका वाढल्या तशी गच्ची अपुरी पडली, आणि काम घरोघरी गेले. सकाळी केंद्रावर मळलेले पीठ घ्यायचे, घरी जाऊन लाटायचे, वाळवायचे, दुसऱ्या दिवशी पापड परत द्यायचे. तेथे वजन होते, तपासणी होते, मजुरी मिळते आणि नवे पीठ पदरात पडते. नव्या बाईला काम देण्याआधी तिच्या घरी जाऊन लाटायची जागा स्वच्छ आहे ना, हे पाहून येतात. एकदा पाहिले की संपले; मग ती दुपारी लाटते की पहाटे, हे कुणी विचारीत नाही. आज चाळीस हजारांहून अधिक बायका अशा काम करतात, आणि प्रत्येक जण संस्थेची भागीदार मानली जाते. कोठे पापड आणि कोठे विमान! पण रीत पाहा, तीच : काम नेमके, तपासणी चोख, हिशेब रोखठोक आणि मालकीत वाटा.

यातले एखादे कलम गळले तर काय होते, तेही आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. सिन्नरला, सोलापूरला पिढ्यान्‌पिढ्या बायका घरी विड्या वळीत आल्या. तेथेही काम घरीच; पण वळलेल्या विड्यांतून 'छाट' म्हणून किती काढायच्या, हे ठरविणार समोरचा. त्या छाटीवरून किती डोळ्यांनी पाणी काढले असेल! अखेर १९६६ सालच्या कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार म्हणून गणले. म्हणजे घरचे काम आपोआप सुखाचे होत नाही. मापट्याची दांडी कुणाच्या हाती आहे, यावर ते सुखाचे की जाचाचे हे ठरते.

मोठ्या कंपन्यांचा इतिहास पाहिला तर तो लंबकासारखा हेलकावे खातो. १९६७ साली म्युनिकजवळच्या ओटोब्रून येथे बोल्को या विमाने बनविणाऱ्या कंपनीत सकाळी फाटकावर गाड्यांची एकच गर्दी होई. त्यावर त्यांनी उपाय काढला, की ठरावीक मधले तास सर्वांनी हजर असावे, बाकी येण्याजाण्याची वेळ ज्याची त्याने ठरवावी. लवचीक वेळेची पद्धत तेथून जगभर गेली. १९७३ साली जॅक निल्स या अमेरिकन गृहस्थांनी तर विचारले, की माणसाला कामाकडे नेण्यापेक्षा काम माणसाकडे तारेने का नेऊ नये? आयबीएम कंपनीने ही कल्पना इतकी उचलली, की २००९ साली तिच्या ३ लाख ८६ हजार नोकरांपैकी शेकडा चाळिसांना कचेरीच नव्हती. आणि त्याच आयबीएमने २०१७ साली हजारोंना परत कचेरीत बोलावले! त्याआधी २०१३ साली याहूनेही तेच केले होते. भाचीच्या कंपनीने काही जगावेगळे केले नव्हते तर.

मग खरे कोणाचे? याची रीतसर परीक्षा कुणी घेतली आहे काय? घेतली आहे, आणि ती चीनमध्ये. शांघायच्या सीट्रिप या प्रवासाची तिकिटे विकणाऱ्या कंपनीत सोळा हजार नोकर होते. संस्थापकांपैकी एक जेम्स लिआंग यांच्या मनात माणसांना घरून काम द्यावे असे होते. पण घरी गेली की माणसे आळसावतील, अशी वरिष्ठांना धास्ती. तेव्हा त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या निकोलस ब्लूम प्रभृतींच्या साह्याने प्रयोग केला. टेलिफोनवर तिकिटे आणि हॉटेले ठरवून देणाऱ्या विभागांत जे तयार झाले, त्यांतून घरी स्वतंत्र खोली आणि तारेची सोय असलेले २४९ जण निवडले. चिठ्ठी टाकून ठरले, की ज्यांची जन्मतारीख सम, त्यांनी आठवड्यातले चार दिवस घरून काम करावे आणि एक दिवस कचेरीत यावे. विषमवाल्यांनी पाचही दिवस कचेरीत. हा प्रयोग २०१० च्या अखेरीस सुरू झाला आणि नऊ महिने चालला.

फळ काय आले? घरच्यांचे काम शेकडा तेराने वाढले. आळसावणे दूरच, त्यांच्या सुट्ट्या कमी झाल्या, उठबस कमी झाली, आणि घरच्या शांततेत दर मिनिटाला अधिक फोन उरकू लागले. नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. हे वाचून मी आनंदाने टेबलावर थाप मारणार होतो, तोच पुढचे पान दिसले. प्रयोग संपल्यावर कंपनीने प्रत्येकाला आपल्या मनाप्रमाणे निवड करू दिली, तेव्हा प्रयोगातल्या निम्म्याहून अधिक जणांनी आपला विचार बदलला. एकटेपणा त्यांना खायला उठे. शिवाय कामाच्या मानाने घरच्यांना बढतीही कमी मिळाली. डोळ्यांआड झालेले माणूस बढतीच्या वेळी साहेबाला आठवत नाही. भाचीच्या साहेबांचे 'तू दिसत नाहीस' हे तेथेही होतेच.

पण ती कंपनी तेथे थांबली नाही. २०२१ आणि २०२२ च्या सुमारास तिने १६१२ जणांवर दुसरा प्रयोग केला. या वेळी बुधवार आणि शुक्रवार घरी, बाकी तीन दिवस कचेरीत. कामात काही उणे आले नाही, बढत्यांत फरक पडला नाही, आणि राजीनामे एक तृतीयांशाने घटले. गंमत अशी, की सुरुवातीस कारभाऱ्यांना वाटत होते, काम घटणार. प्रयोग संपला तेव्हा त्यांचेच मत फिरले होते.

आता एक कबुली. टाळेबंदीत मीही फोनवर वर्ग घेत असे. पडद्यावर चौकोनांत मुलांचे चेहरे दिसत, त्यांची मी रोज हजेरी मांडी. सातवीतला एक मुलगा कधीच दिसत नसे. त्याच्या नावापुढे मी महिनाभर फुल्या मारल्या, आणि एकदा त्याच्या वडिलांना कडक शब्दांत बोललोही. शाळा उघडली तेव्हा तो मुलगा वही घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. घरात फोन एकच. तो वडिलांबरोबर भाजीच्या गाडीवर जाई. रात्री वडील परतले, की हा मित्रांनी पाठविलेली पाने पाही आणि उतरवून घेई. एकूण एक धडा, एकूण एक गणित त्या वहीत होते. ज्यांचे चेहरे मी रोज पाहात होतो, त्यांतल्या कितीकांच्या वह्या कोऱ्या होत्या! मी हजेरीपट भरला होता. वह्या तपासायच्या राहिल्या होत्या. त्या मुलापुढे मला मान वर करवेना. त्याच्या वडिलांना मात्र घरी जाऊन भेटलो.

हिवाळा सरता सरता मी भाचीला हे सगळे लिहून कळविले. मामाचे पत्र म्हणजे लांबणारच! शेवटी एवढेच लिहिले : "साहेबांशी हक्कावरून भांडू नकोस. दोन दिवस घर आणि तीन दिवस कचेरी, असं सहा महिन्यांपुरतं माग. तुझं काम कोणतं, ते पुरं झालं हे कशावरून समजायचं, तपासणार कोण, हे तूच आधी कागदावर मांडून दे. कचेरीत जाशील त्या दिवशी मात्र मान खाली घालून बसू नकोस. चारजणींत मिसळ, साहेबांना भेट. आणि बढतीच्या वेळी घरच्या दिवसांचं कामही मोजलं जाईल, हे लिहून घे."

तिने तसा कागद दिला. साहेबांनी तो बरेच दिवस ठेवून घेतला आणि मग सहा महिन्यांची परवानगी दिली. ती मुदत या दिवाळीच्या आसपास संपते आहे. पाडव्याला ती येणार आहे. निकाल काय लागला हे तिने फोनवर सांगितले नाही, मीही विचारले नाही. चकल्या मात्र बहिणीला या खेपेस थोड्या जास्तच करायला सांगितल्या आहेत.